तासाला पाच रुपये, फ्लॅटला पाच मिनिटं

कोरोनाच्या काळात मेथीची जुडी घ्यायची असेल तर नाशिककराला तिकीट काढावं लागायचं. मार्च 2021 संपता संपता आलेला हा नियम: प्रमुख बाजारपेठेत शिरायला पाच रुपये, मुदत एक तास, तास उलटला की पाचशे रुपये दंड. लोकांनी याची बरीच टिंगल केली. आम्हाला मात्र मेथीचा हेवा वाटला. तिला निदान तासभर निरखता तरी येत होतं!

त्या दिवसांत फ्लॅट बघायला गेलात तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटं. एजंट मोबाइल असा गरगर फिरवतो, की छताचं पीओपी तेवढं स्पष्ट दिसतं. ‘व्हेंटिलेशन बघा साहेब,’ म्हणून तो खिडकी उघडतो, समोर शेजारच्या इमारतीची भिंत दिसते न दिसते तोच रेंज जाते. ‘पाणी चोवीस तास’ हे वाक्य तो बंद नळाकडे बोट दाखवून म्हणतो.

प्रत्यक्ष जायचा हट्ट धरलात, तर गेटवर वॉचमन कपाळाला ताप मोजायची बंदूक लावतो. आकडा येतो 92. इतक्या थंड माणसाला खरं तर दवाखान्यात न्यायला हवं, पण तो ‘नॉर्मल’ लिहून वर सोडतो. वर आधीचे भाडेकरू दार चार बोटं उघडतात. बेडरूम तेवढ्या फटीतूनच बघायची. घरमालकाला मास्कमुळे चेहरा दिसत नाही, म्हणून तो आडनाव दोनदा विचारतो. मग हळूच, ‘नॉनव्हेज?’ या चौकशीला सहा फुटांचं अंतर लागत नाही.

सरकारचं धोरण मात्र स्वच्छ होतं. घर बघू नका, घेऊन टाका. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मुद्रांक शुल्कात 3 टक्के सूट, जानेवारी ते मार्च 2 टक्के. घर बघायला दोघं गेली तर सेक्रेटरी गॅलरीतून ओरडायचे, आणि डिसेंबरअखेर दुय्यम निबंधकांच्या दारात हीऽऽ गर्दी! आत घेणारा, देणारा, साक्षीदार सगळ्यांचे अंगठे एकाच यंत्रावर. (भाडेवसुली तीन महिने पुढे ढकला, असंही सरकारने एप्रिल 2020 मध्ये घरमालकांना सांगितलं होतं. बहुतेकांच्या घरी तेव्हा पेपर येत नव्हता.)

सामान हलवायचं तर आणखी कौतुक. छोटा हत्ती टेम्पो गेटबाहेर उभा, हमालांना लिफ्ट बंद. लोखंडी कपाट जिन्याने चौथ्या मजल्यावर, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी त्यावर सॅनिटायझर फवारतंय. कपाट निर्जंतुक झालं. हमालांना पाणी कुणी विचारलं नाही.

तेव्हा नाशिकचं पोलीस आयुक्तालय आणि महापालिकेला नम्र विनंती: ती तिकिटाची योजना पुन्हा कधी काढलीत, तर फ्लॅटलाही लावा. पाच कशाला, पन्नास घ्या. फक्त तास पुरा द्या, आणि त्या तासात नळ सोडून दाखवायची सक्ती करा.