दोन टक्क्यांतले अप्पा

मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. अप्पा मात्र बाराही महिने ४४.१ वर असतात. उन्हावर ताक चालतं, अप्पांवर काहीच चालत नाही.

४४.१ किलोहर्ट्झ ही साध्या सीडीची मोजणी. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहून ठेवायचं. १९८२ साली सीडी बाजारात आली, लोकांनी ती घेतली, गाणी ऐकली. अप्पांना मात्र शंका आली. "काहीतरी सुटतंय की रे ह्यात!" मग १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सनी सुपर ऑडिओ सीडी (एसएसीडी) काढली, पाठोपाठ २४ बिटांची डीव्हीडी-ऑडिओ आली, आणि घ्यावी की नको या एका प्रश्नावर अप्पांचं निवृत्त आयुष्य मार्गी लागलं.

अप्पांची सगळी नोकरी मिलच्या साळखात्यात गेली. तिथे मागांच्या गोंगाटात शेजारचा काय म्हणतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. अजूनही अप्पांशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागतं. काकूंनी स्वयंपाकघरातून "दळण आणा" म्हटलेलं त्यांना कधीच ऐकू आलेलं नाही. पण सीडीत बासरीवाल्याचा श्वास "अर्ध्यात कापलाय" हे बरोब्बर ऐकू येतं. तरण्या कानाची धाव फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत, वय वाढलं की वरचे हजार एकेक करून गळतात, आणि सीडी बावीस हजारांपर्यंत धरते, असं मी एकदा समोर उभं राहून सांगितलं. अप्पा म्हणाले, "ऐकू येत न्हाई ते जाणवत बी न्हाई व्हय? सिद्धरामेश्वर बोललेला ऐकलास का कधी?" सोलापुरात राहून ग्रामदैवतावरून वाद घालता येत नाही.

घर पूर्व भागात. भिंतीपलीकडे यंत्रमाग. मागांच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. सीडीच्या १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मावतं. २४ बिटांत, कागदावर, १४४. म्हणजे नव्या डिस्कमधली शांतता जास्त शांत. ती ऐकायची तर शेजारच्या चादरींची पाळी संपेपर्यंत थांबायला हवं, आणि पाळी संपते तेव्हा अप्पा झोपलेले असतात.

खरी पंचाईत पुढेच आहे. अप्पांची भक्ती अब्दुल करीम खाँसाहेबांवर. खाँसाहेब गेले १९३७ मध्ये. मागे राहिल्या त्या ७८ च्या तबकड्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांच्या. त्या काळच्या यंत्राने जे टिपलंच नाही, ते २४ बिट कुठून आणणार? फार तर खरखर जास्त स्वच्छ ऐकू येईल.

अखेर अमेरिकेतल्या भाच्याने एक डिस्क आणली. पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून', २००३ ची सुपर ऑडिओ आवृत्ती. अप्पांनी ती नव्या पेठेतून घेतलेल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली आणि डोळे मिटले. त्यातली घड्याळं एकदम ठणाणा वाजली तसे अप्पा उसळले. "बघ! सीडीत हे येतंय का?"

येतं. कारण ती डिस्क हायब्रिड आहे. तिच्यात दोन थर असतात आणि साधा प्लेअर फक्त सीडीचा थर वाचतो. अप्पा ऐकत होते ती सीडीच. हे मी सांगितलं तेव्हा ते जरासुद्धा खजील झाले नाहीत. "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधलाय. वाण न्हाई पण गुण लागतोच की!"

मग मी बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांचा प्रयोग काढला. २००७ साली छापलेला. लोकांना कधी सुपर ऑडिओचा आवाज थेट ऐकवला, कधी तोच सीडीच्या मापातून गाळून. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. छापा-काटा करूनही एवढी आली असती. प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं, की लंडनच्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरं शेकडा बावन्नच्या थोडी वर निघाली. इथेच चुकलं असं काकूंचं मत. अप्पा ताठ बसले. "पन्नासाच्या वरचे ते दोन टक्के हायत न्हवं? त्यातला मी."

नवी डिस्क खरोखरच वेगळी वाजते तेव्हा बहुतेकदा कारण बिटांचं नसतं. मूळ ध्वनिमुद्रणावर कोणीतरी पुन्हा नीट बसून काम केलेलं असतं. तसं काम साध्या सीडीवरही उत्तम उतरतं. तेव्हा पैसे असतील तर आधी चांगले स्पीकर घ्यावेत, खोलीत जाड पडदे लावावेत. चादरी लावल्या तरी चालेल, सोलापुरात त्यांना तोटा नाही. एवढं करूनही ती डिस्क घ्यायचीच असेल, तर आपल्या प्लेअरवर एसएसीडीचं चिन्ह आहे का, ते पाहूनच पाकीट काढा. अप्पांच्या प्लेअरवर ते नाही आणि त्यांची दुसरी डिस्क वाटेत आहे.