पडू नये अशी कोंबडी

वरूडात माणसाला संत्र्याच्या भावावर आणि दुसऱ्याच्या बागेतल्या कोळशी रोगावर मत असावंच लागतं. निवृत्तीनंतर मी त्यात पिस्तुलाची भर घातली. याला जबाबदार तुर्कस्तानचे युसुफ दिकेच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा 51 वर्षांचा गृहस्थ साधा टी-शर्ट घालून, एक हात खिशात टाकून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य घेऊन गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं दोन कांस्यपदकं आणली, आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलीत एक आणलं. पण मी गुरू केला तो दिकेचला, कारण त्याच्याकडे सामान दिसत नव्हतं. बिनखर्चाचा खेळ, असं मी घरात जाहीर केलं. हे वाक्य पुढं घरच्यांनी मला वारंवार ऐकवलं.

दहा मीटर एअर पिस्तुलाची माहिती काढली तर ती जरा रुक्ष निघाली. कागदावर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, 60 गोळ्या, 75 मिनिटं. लागलं तर कागदाला भोक, नाही लागलं तरी कागदाला भोकच, फक्त दुसरीकडे. मला काहीतरी पडलेलं पाहायचं होतं. मग सापडला सिल्हूट नावाचा खेळ. मूळ मेक्सिकोचा. तिथं पूर्वी जत्रेत खऱ्या जनावरांवर नेम धरायचे, पुढं त्यांच्या जागी लोखंडी आकृत्या आल्या. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा. 1976 साली अमेरिकेत पिस्तुलवाल्यांनी आपली वेगळी संघटना काढली. त्यांची कोंबडी 50 मीटरवर आणि मेंढा 200 मीटरवर. नुसतं लागून चालत नाही, आकृती पडलीच पाहिजे. आणि डावीकडून ओळीनंच पाडायची. दुसरीवर नेम धरला आणि तिसरी पडली तर टाळ्या वाजवू नयेत, ते चुकलेलंच धरतात.

(नेमबाजीची परंपरा आमच्या भागाला नवी नाही. सीमेपलीकडे पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवरून गोटमार, म्हणजे दगडफेक, होते. तिथं कोणतं पिस्तूल घ्यावं हा प्रश्न येत नाही. डोकं फुटतं, तेवढंच.)

खरं पिस्तूल घ्यायचा विचार अर्ध्या दिवसात संपला. त्याला परवाना लागतो, परवान्याला अर्ज, अर्जात कारण.

"कारण काय लिहाल?" बायको म्हणाली. "लोखंडी कोंबडी पाडाची हाय?"

खेळाडू म्हणून परवाना मिळतो, पण त्याआधी माणूस खेळाडू असावा लागतो. सुदैवानं 2016 च्या शस्त्र नियमांत वीस जूलपर्यंत ताकदीच्या आणि .177 बोअरच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. .177 म्हणजे साडेचार मिलिमीटर. सिल्हूटवाल्यांनी हवेच्या पिस्तुलासाठी सगळा खेळ आखूडही करून ठेवलाय. दहा यार्डांवर कोंबडी, अठरावर मेंढा. माझ्या बागेत दोन ओळींमध्ये मावेल एवढा.

आता पिस्तूल कोणतं? इथून माझी खरी विद्वत्ता सुरू झाली. स्प्रिंगचं पिस्तूल स्वस्त, नळी मोडून छर्रा भरायचा. पण त्यातली स्प्रिंग आधी मागे ढकलते आणि मग पुढे, त्यामुळे छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत नेम नावाची गोष्ट शिल्लक राहत नाही. दुसरं दाबलेल्या हवेचं. त्याला धक्का जवळपास नाहीच. मी कुण्या शहाण्याचा सल्ला न घेता दुसरं घेतलं. त्याच्या नळकांड्यात 200 बार दाबाची हवा भरावी लागते, हे डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं.

हवा म्हटली की वरूडात पंक्चरचं दुकान. मी पिस्तूल रुमालात गुंडाळून तिथं गेलो.

"किती टाकू, सर?"

"दोनशे."

"मोटरसायकलच्या चाकात दोनशे?"

"बार," मी म्हणालो, आणि रुमाल उघडला.

त्यानं आधी पिस्तुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग शेजारच्या दुकानाकडे साक्षीदार आहे का ते पाहिलं. दोनशे बार म्हणजे ट्रकच्या टायरच्या साधारण पंचवीस पट दाब, हे मी त्याला समजावलं. समजावायला नको होतं. "सर," तो हात जोडून म्हणाला, "माहे लेकरं लहान हायेत."

मग हातपंप मागवला. तो सायकलच्या पंपासारखा दिसतो आणि तिथंच साम्य संपतं. सुरुवातीला सोपा जातो. दीडशे बारच्या पुढं मात्र दांडा खाली जात नाही, आपणच त्याच्यावर चढून लोंबकळतो. भरून झालं की कपाळावर घाम, छातीत धडधड आणि हाताला असा कंप की मी पिस्तूल रोखल्यावर बागेचा राखणदार झाडाआड जाऊन बसे. नेमबाजाला शांत नाडी लागते. माझा सेटअप आधी नाडी पळवायचा आणि मग नेम धरायला सांगायचा.

मुठीचा प्रश्न वेगळाच. चांगल्या पिस्तुलाची मूठ लाकडाची, हाताच्या आकाराची असते. लहान, मध्यम, मोठी. मध्यम मागवायला मला कमीपणा वाटला. मोठी आली, तेव्हा माझी बोटं तिच्याभोवती अर्ध्या वाटेवर थांबली. सुतारानं कानस मारून ती बरी केली, पण तो डावखुरा, त्यानं अंगठ्याची खाच स्वतःच्या हाताच्या मापानं काढली.

त्यात डोळे. पिस्तुलात पुढची माशी स्पष्ट दिसली पाहिजे आणि लक्ष्य पुसट, हा नेमबाजीचा पहिला धडा. माझ्या बायफोकलमध्ये वरून कोंबडी स्पष्ट, खालून माझं नाक स्पष्ट, आणि माशी दोन्हीकडून गायब. चष्मेवाल्याला म्हणालो, "हातभर अंतरावरचं पाहायचंय." तो म्हणाला, "मोबाइल जवळ धरा." मग मी दुर्बीण बसवून पाहिली, ती रायफलीची. ती डोळ्यापासून चार बोटांवर धरायची वस्तू. हात लांब करून पाहिलं तर काळ्या अंधारात रुपयाएवढा उजेड, आणि त्या उजेडात शेजाऱ्याची विहीर.

तरीही आकृत्या करायला टाकल्याच. हवेच्या पिस्तुलाची कोंबडी मूळ मापाच्या दहाव्या हिश्शाची, जेमतेम सव्वा इंच. वेल्डिंगवाल्यासमोर कागद ठेवला.

"सर, हे कोंबडी व्हय का चिलट?"

"नियम आहे."

"लोक हासतीन. नाव माह्या दुकानाचं जाते."

त्यानं स्वतःच्या अब्रूला साजेशी कोंबडी केली, सहा मिलिमीटरच्या पत्र्यातली, अंड्यावर बसायला तयार अशी. डुकराबद्दल त्याला सांगावं लागलं नाही. संत्र्याच्या आंबिया बहारावर रानडुकरं कशी तुटून पडतात ते त्यानं घरच्या बागेतच पाहिलं होतं, त्यामुळे डुकराला त्यानं मनापासून सुळे काढले. मेंढ्याला दाढी आली आणि तो बोकड झाला. टर्की त्यानं पाहिली नव्हती. "कोंबडीपेक्षा मोठा, पिसाऱ्याचा पक्षी," मी सांगितलं. मोर आला.

रविवारी बागेत मंडळी जमली. मागे मातीचा बांध, सगळ्यांच्या डोळ्यांवर प्लास्टिकचे चष्मे, कारण शिशाचा छर्रा लोखंडावरून परत यायला लाजत नाही. मी पंप मारला, दम घेतला आणि कोंबडीच्या पोटावर नेम धरला. टण्! लागली. हे मी शपथेवर सांगतो. कोंबडी जागची हलली नाही. पुन्हा टण्. पुन्हा तशीच.

आयुष्यभर अकरावीच्या पोरांना मी संवेग शिकवला. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला 120 मीटरच्या आसपास, कोंबडी तीन किलोची. गुणाकार-भागाकार केला तर धक्का बसून कोंबडीला मिळतो सेकंदाला दोन सेंटिमीटर वेग. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं तो हिशेब सगळ्यांसमोर तोंडी केला. मी वेल्डिंगवाल्याकडे पाहिलं. तो कौतुकानं कोंबडीकडे पाहत होता.

"पडत नाही ना?" तो म्हणाला. "खाली जाड पट्टी मारली, सर. वारावादळात बी पडाची नाही."

मंडळींनी मग नियम बदलला. पाडायचं नाही, वाजवायचं. ज्याचा आवाज घुमेल तो जिंकला. मोर सगळ्यात गोड वाजायचा, पिसाऱ्याचा पत्रा पातळ होता म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळे मोरालाच मारत होते, अगदी मीसुद्धा, आणि माझे बरेचसे छर्रे लागले.

पुढच्या आठवड्यात एक अनोळखी गृहस्थ बागेत आले. वेल्डिंगवाल्यानं मोर माझ्यासाठी केलाच नव्हता. या गृहस्थांच्या गेटासाठी केलेल्या जोडीतला एक उचलून आणला होता. त्यांनी मोर उन्हात धरला, छातीवरचे करडे ठिपके बोटानं चाचपले. मी भरपाईचं बोलायला तोंड उघडलं.

"डिझाइन मस्त आलं," ते म्हणाले. "दुसरा मोर उद्या आणतो, सर. त्याले बी असेच मारून द्या, जोडी जुळाले पायजे."