बाटलीतला कान

भाचीचा इतिहासाचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून ती गाइड घोकत होती. "मामा, ऐक. पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण : ऑस्ट्रियाच्या युवराजाचा साराजेवो येथे खून. एक मार्क." मग पान उलटून, एका दमात, "मूळ कारणे : साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार. पाच मार्क."

युवराज आणि त्याची बायको असे दोन जीव गेले, तरी मार्क एकच. गाइडवाल्याला जगाची जाण आहे, असे मला तेव्हा वाटले.

तात्कालिक कारण म्हणजे मुहूर्त. आपल्याकडे लग्न ठरलेले असते, हॉल धरलेला असतो, आचाऱ्याला विसार गेलेला असतो, आणि मग गुरुजींना विचारतात, बघा हो, त्या रविवारी जमतंय का. गुरुजी पंचांग चाळतात आणि जमवतात. सरकारांचेही तसेच.

जेंकिन्सचा कान घ्या. १७३१ साली हवानाजवळच्या समुद्रात 'रिबेका' हे इंग्रजी जहाज स्पेनच्या गस्तवाल्यांनी अडवले, चोरट्या मालासाठी झडती घेतली आणि कप्तान रॉबर्ट जेंकिन्सचा कान कापला. कप्तान मायदेशी परतला, रीतसर तक्रार केली, कागद वर गेला. पुढे सात वर्षे सामसूम. जमिनीच्या मोजणीचा अर्ज केलेल्या कोणालाही हा कालावधी ओळखीचा वाटेल. १७३८ साली मात्र पार्लमेंटला कानाची एकाएकी आठवण झाली आणि जेंकिन्सला बोलावणे गेले. त्याने तो कान बाटलीत घालून सभागृहात दाखवला, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार नाही. पण कान म्हटला की बाटली हवीच, म्हणून लोकांनी ती आजवर जपली.

आता आचाऱ्याच्या विसाराचे बघू. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहात स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींना वर्षाला ४,८०० गुलाम पुरवायचा मक्ता इंग्रजांना मिळाला होता आणि तो साउथ सी कंपनीच्या पदरात पडला होता. जोडीला वर्षाकाठी एक व्यापारी जहाज पाठवायची मुभा. त्या एका जहाजाच्या आडोशाने चोरटा व्यापार फोफावला, म्हणून गस्त, म्हणून झडती, म्हणून कान. जानेवारी १७३९ मध्ये समझोताही झाला : स्पेनने भरपाईचे ९५,००० पौंड द्यायचे, कंपनीने स्पेनच्या राजाची ६८,००० पौंडांची थकबाकी भागवायची. कंपनी म्हणाली, आम्ही देत नाही. मग स्पेनही म्हणाला, आम्हीही देत नाही. ऑक्टोबरात युद्ध जाहीर झाले. गुलामांच्या धंद्यातली वसुली म्हणून कोण तोफेच्या तोंडी जाईल? कानासाठी जातात.

१७४१ साली इंग्रजांचे प्रचंड आरमार स्पेनच्या अमेरिकेतल्या कार्ताहेना बंदरावर चालून गेले. शहर पडणार याची लंडनला इतकी खात्री, की विजयाची पदके आधीच पाडून झाली. त्यांवर स्पेनचा सरदार ब्लास दे लेझो इंग्रज दर्यासारंगापुढे गुडघे टेकून बसलेला. प्रत्यक्षात लेझोने दाद दिली नाही आणि पिवळ्या तापाने इंग्रजांची हजारो माणसे नेली. या लेझोला एक पाय नव्हता, एक डोळा नव्हता आणि एक हात निकामी होता. एका कानाची भरपाई मागायला आरमार गेले ते नेमके या माणसाच्या दारात! अखेर १७५० साली माद्रिदच्या करारात साउथ सी कंपनीने सगळे दावे सोडले आणि त्याबद्दल १,००,००० पौंड पदरात पाडून घेतले. कंपनीचे भागले. 'जेंकिन्सच्या कानाचे युद्ध' हे बारसेसुद्धा इतिहासकार कार्लाइलने केले, १८५८ साली.

पुढच्याच वर्षी एक डुक्कर मेले.

सान हुआन बेटे अमेरिकेची की ब्रिटनची, हे १८४६ च्या करारात धड लिहिलेले नव्हते. हद्द खाडीच्या मधोमध म्हटली होती आणि वाटा निघाल्या दोन. १५ जून १८५९ रोजी एका अमेरिकी शेतकऱ्याच्या बटाट्यांत हडसन्स बे कंपनीचे डुक्कर घुसले आणि त्याने ते गोळी घालून मारले. बघता बघता बेटावर चारशेवर अमेरिकी सैनिक आणि समोर ब्रिटिश युद्धनौका. मुहूर्त कसा तंतोतंत! पण ब्रिटिश दर्यासारंग म्हणाला, डुकरापायी दोन मोठ्या देशांची लढाई मी लावणार नाही. दोन्ही घरांना सोयरीक नको असली की पत्रिका जुळत नाही. दोघांचे सैन्य बारा वर्षे त्याच बेटावर शेजारी राहिले. शेवटी लवाद नेमला जर्मनीचा कैसर विल्हेल्म पहिला. १८७२ साली त्याने बेटे अमेरिकेला दिली. बळी एकच, डुक्कर.

याच कैसरचा नातू १९१४ मध्ये गादीवर होता. २८ जूनला साराजेवोत खून झाला, ६ जुलैला नातू नॉर्वेच्या जलविहाराला निघाला. परतल्यावर २८ जुलैच्या सकाळी त्याने सर्बियाचे नरमाईचे उत्तर वाचले आणि शेरा मारला, की आता युद्धाला कारणच उरले नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. वऱ्हाडी जेवायला बसल्यावर मुहूर्त चुकल्याचे सांगून कोण ऐकतो?

आणि बाटली? ती ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत दिसली. या वेळी आख्यायिका नव्हती, कॅमेरे होते. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराकविरुद्ध पुरावा मांडताना चिमटीत धरलेली ती कुपी नुसती नमुन्यादाखल होती. पुढे इराकभर खणून झाले. संहारक शस्त्रांचे साठे निघाले नाहीत.

"मामा," भाची म्हणाली, "मग मी एका मार्काला काय लिहू?"

"साराजेवोच लिही. तपासणाऱ्यांकडे उत्तर आधीच छापून आलेलं असतं."

"आणि डुक्कर?"

"कच्च्या कामाच्या पानावर."