दोन हात, दोन पाय आणि चार पडदे

डाव्या हातात कलेक्टिव्हचा दांडा, उजव्यात सायक्लिकचा, दोन्ही पाय पेडलवर. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला नाक खाजवायचीही सोय नाही. त्यात आता समोर काचेचे पडदे आणि मेनूत मेनू. तिसरा हात मात्र अजून कुणाला फुटलेला नाही.

साध्या गाडीचंच बघा. ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवर एकट्यानं गाडी हाकायची तर पक्क्या परवान्यासाठी शिकाऊ परवान्यानंतर निदान ३० दिवस थांबावं लागतं. तरीही नवशिक्याला गिअर दिसतो, रिक्षा दिसत नाही. वैमानिकाच्या प्रशिक्षणाचे तास बटणं पाठ करण्यातच संपले, तर खिडकीबाहेर बघायला शिकवणार कधी? खिडकीबाहेर तारा असतात. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर तारांत अडकून कोसळलं. सगळे बचावले.

हेलिकॉप्टरनं फिरणाऱ्या प्रचारवीरांनो, सभेला उशीर झाला तरी चालेल. वैमानिकाला ‘जरा लवकर घ्या’ म्हणू नका. तो रिक्षावाला नाही.