स्वस्तात मिक्सर घ्या, महागात वाजवा

तुमचा बॅण्ड आहे. पाच जण आहात, शुक्रवारी रात्री बाणेरच्या नाहीतर कोरेगाव पार्कातल्या पबमध्ये वाजवता, मानधनातून जेवणाचे पैसे कापून घेता. पबच्या मिक्सरवर कुणीतरी बिअर सांडली, मालक म्हणाला ‘तुमचा तुम्ही आणा’, आणि तुम्ही आणायचं ठरवलंत. अभिनंदन! आजवर तुमचा आवाज दुसऱ्याच्या मिक्सरमुळे वाईट येत होता. आता तो स्वतःच्या मिक्सरमुळे वाईट यावा, यासाठी खालच्या सूचना क्रमाने पाळा.

१. किती माइक लागतात ते मोजू नका. मोजलंत तर पंचाईत होईल. ड्रमला चार (किक, स्नेअर, वरून दोन), गिटारच्या अ‍ॅम्पला एक, गाणारे तिघे, आणि डीआय बॉक्समधून येणारा बास. म्हणजे माइकच्या नऊ जागा झाल्या. कीबोर्डचे दोन लाइन इनपुट वेगळेच. एवढं गणित कागदावर मांडलं की खरेदीतली मजा जाते. त्यापेक्षा खोक्यावरचा आकडा वाचा. यामाहाच्या एमजी१२एक्सयूच्या नावात बारा आहे, तुमची बेरीज अकरा आहे. एक शिल्लकच राहतो की! त्यात माइक सहाच लागतात आणि बाकीची भरती स्टीरिओ जोड्यांनी होते, ही गोष्ट कंपनी लपवत नाही, माहितीपत्रकात ठळक छापते. पण माहितीपत्रक वाचून बॅण्ड मोठे झाल्याचं ऐकिवात नाही. त्याच्याच थोरल्या भावाला, एमजी१६एक्सयूला, दहा माइक लागतात. हे दुकानात आठवू देऊ नका, नाहीतर बजेट वाढेल.

२. दुकानात गायकाला घेऊन जा. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, गायकाने इको लावून ‘हॅलो, चेक, वन टू’ म्हटलं की निवड झाली. या मिक्सरात चोवीस इफेक्ट असतात. त्यातला तुम्ही एकच वापराल, तोही सगळा उघडून. काच आणि फरशीने भरलेल्या खोलीत आवाज आधीच घुमत असतो, त्यात ही भर. दोन गाण्यांच्या मध्ये गायक बोलताना इको बंद करायचा असतो म्हणे. तसं करू नका. ‘थँक्यू पुणे… णे… णे…’ ऐकायलाच तर लोक येतात.

३. ऑक्स म्हणजे काय ते विचारू नका. ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश.

वादकांसमोर जमिनीवर जे मॉनिटर असतात, त्यांना काय ऐकवायचं ते ऑक्सच्या नॉबवर ठरतं. छोट्या मिक्सरला ऑक्स दोन. त्यातला एक इफेक्टमध्ये जातो, उरला एक. म्हणजे पाच जणांत मॉनिटरचं मिश्रण एकच, आणि पाचही जणांची तक्रारही एकच : ‘मला मी ऐकू येत नाही.’ मग गिटारवाला मागे वळून गुपचूप अ‍ॅम्प वाढवतो. ड्रमरला गिटार जास्त झाली असं वाटतं. तो पावसाळाभर ढोल-ताशा पथकात सराव केलेला, लक्ष्मी रोडवरच्या गर्दीला पुरून उरलेला गडी असतो. तो जोर लावतो. गायक ओरडतो, त्याच्या मॉनिटरचा आवाज वाढवावा लागतो, मॉनिटरचा आवाज पुन्हा त्याच्याच माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते. सगळे मिळून मिक्सरकडे रागाने बघतात.

ड्रमरला कमी करणारा फेडर जगात कुठल्याच कंपनीने बनवलेला नाही. चाळीस खुर्च्यांच्या पबमध्ये ड्रमला माइकच लागत नाही. लागलेच तर ब्रश किंवा हलक्या काड्या लागतात, आणि त्या सगळ्यात स्वस्त मिक्सरहूनही स्वस्त पडतात. पण हे ड्रमरला सांगणार कोण? त्यापेक्षा मिक्सर घ्या.

मुरलेले साउंडवाले यावर एक औषध बाळगून असतात. कुणी ‘मला वाढव’ म्हटलं की ते मान डोलावतात आणि कशालाही न जोडलेला फेडर हळूच वर सरकवतात. ‘हां, आता बरोबर!’ असं उत्तर येतं. तेव्हा मिक्सर घेताना एक चॅनल रिकामं ठेवता येईल असा घ्या. जास्तीत जास्त वापर त्याचाच होईल.

४. कुणीतरी डिजिटलचं नाव काढेलच. बेरिंजरच्या एक्सआर१८ला सोळा माइक लागतात, ऑक्स सहा आहेत. वरच्या सगळ्या दुखण्यांवर उतारा. त्यावर नॉब जवळजवळ नाहीत, फेडर एकही नाही, सगळा कारभार टॅबलेटवर. वायफाय आतच आहे म्हणून वेगळा राउटर घेऊ नका. रिकाम्या पबमध्ये साउंडचेक झकास होईल. नऊला शंभर लोक शंभर मोबाइल घेऊन आत येतील, संपर्क तुटेल आणि स्क्रीनवरचा फेडर तुमच्या बोटाखाली नुसता फिरत राहील. टॅबलेट कीबोर्डवाल्याच्या भाच्याचा आणा, म्हणजे चार्जिंग अकरा टक्के असेल. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर पूर्ण अ‍ॅप टाकून द्या. आता ऑक्सवरून भांडण नाही; अनेक जण एकाच वेळी मुख्य आवाजात स्वतःला वाढवू शकतात, तेही एकमेकांकडे न बघता.

५. चालवणार कोण, हा प्रश्न शेवटी ठेवा. शक्यतो काढूच नका. ‘आपला एक मित्र आहे’ एवढं पुरे. मित्र आला नाही तर बासवाला स्टेजवरूनच चालवेल. स्पीकरच्या मागे उभं राहून समोरच्यांना कसं ऐकू येतं याचा अंदाज बांधणं ही स्वतंत्र कला आहे, आणि बासवाल्याचा एक हात तसा मोकळाच असतो अशी गायकाची समजूत आहे.

६. सगळे पैसे मिक्सरवर खर्च करा. केबल उरल्यासुरल्यात. कार्यक्रमात जे बंद पडतं ते बहुधा केबलच्या टोकाचं सोल्डरिंग असतं, पण केबलचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकता येत नाही. काही धाकट्या मिक्सरांना बाहेरून वेगळा अडॅप्टर लागतो. त्याची पिन आडवळणाची असते आणि शुक्रवारी रात्री नऊला तो कुठेही मिळत नाही. तेव्हा तो कुणी आणायचा हे ठरवू नका.

७. स्पीकरमधून ‘हम्म’ आला की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगणारा एक अनुभवी माणूस प्रत्येक पबमध्ये असतो. इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो : त्याचं ऐकू नका. गिटारच्या तारेवर हात आणि माइकला ओठ, अशा अवस्थेत बसलेल्या झटक्याने वादक मेलेले आहेत. मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर लावून बघा, बास डीआयमधून येत असेल तर त्या बॉक्सचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, आणि अर्थिंगची शंका असेल तर वायरमनला बोलवा. चला, पुन्हा आपल्या कामाला.

८. गच्चीवर वाजवणार असाल तर साउंडचेक साडेआठला सुरू करा. अ‍ॅनालॉग मिक्सरला मागच्या शुक्रवारचं काही आठवत नाही. सगळं पहिल्यापासून जुळवा. डिजिटल असेल तर जतन केलेलं सेटिंग काढा, मात्र दुसऱ्याच पबचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १०ला बंद होतो, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दोन माणसांच्या साध्या गप्पा साठाच्या घरात जातात. तुमचा आवाज नीट लागेल तो साधारण नऊ पन्नासला.

९. कॉन्ट्री पाच जणांत समान काढा, बिल एकाच्याच नावावर घ्या, आणि बॅण्ड फुटला तर मिक्सर कुणाचा हे बोलू नका. मैत्रीत असलं बोलणं शोभत नाही. फुटल्यावर विकायला काढा. जाहिरातीत ‘फक्त घरी वापरलेला’ असं लिहा आणि फोटो काढण्याआधी फेडरांच्या फटींतले शेंगदाणे टूथब्रशने साफ करा. गिऱ्हाईक चालवून बघतो म्हणालं तर बघू द्या. फक्त त्या वेळी गायक घरात नको.