आजन्म शिक्षण : 2.31

संगणक अभियांत्रिकीच्या पदवीतून विद्यार्थ्याने काय मिळवले, हे मोजण्याचे शास्त्र आता इतके पुढे गेले आहे की त्यात विद्यार्थ्याची फारशी गरज उरलेली नाही. 2014 साली भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि एनबीएच्या, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या, मानांकनाचे बोट धरून फलिताधारित शिक्षण सांगली-साताऱ्यात येऊन पोचले. सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947चे, कराडचे शासकीय 1960चे, राजारामनगरचे आरआयटी 1983चे. म्हणजे या भागात अभियंते करारापूर्वीपासून घडत होते. फक्त त्यांचे अटेनमेंट, म्हणजे फलिते किती गाठली याचा आकडा, काढायचे राहून गेले होते.

देशभर पद्धत एकच. जुन्या आराखड्यात पदवीधराच्या अंगी बारा गुण हवे होते, म्हणजे पीओ : अभियांत्रिकीच्या ज्ञानापासून नीतिमत्ता, सांघिक काम आणि थेट आजन्म शिक्षणापर्यंत. (नव्या आराखड्यात ते अकरा झाले, समाज आणि पर्यावरण यांना एकाच घरात नांदायला सांगितले आहे.) प्रत्येक विषयाची पाच-सहा फलिते, म्हणजे सीओ. त्यांची पीओंशी सांगड 1, 2, 3 अशा आकड्यांनी घालायची. सहा सीओ आणि बारा पीओ धरले तर एका विषयाचे 72 चौकोन; चार वर्षांचे चाळीस विषय धरले तर 2,880. मग ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनी ठरावीक गुण ओलांडले की पातळी 3. हे 'ठरावीक' किती, ते महाविद्यालय ठरवते. स्वायत्त महाविद्यालयात बहुधा जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि तोच तपासतो. एवढ्या सोयीनंतरही पातळी गाठली नाही, तर कृती-आराखड्यात 'अधिक सराव घेतला जाईल' असे लिहायचे. पुढच्या वर्षी पेपर सोपा निघाला की सराव फळाला आला.

पातळ्या आणि सांगडीचे आकडे यांची सरासरी काढणाऱ्या या गणिताने स्टॅक आणि क्यू यांतला फरक लिहून दाखवणाऱ्या वर्गाचे आजन्म शिक्षण 2.31 निघू शकते. जन्म अजून बराच शिल्लक असताना, आणि तेही दोन दशांश स्थळांपर्यंत! थोडे, मध्यम आणि भरपूर यांना 1, 2, 3 म्हटले म्हणून त्यांची सरासरी काढण्याजोगी होत नाही. शिवाय ही सरासरी वर्गाची असते. ज्याला एक लूप धड लिहिता येत नाही, तो शेजाऱ्यांच्या गुणांखाली सुखाने झाकला जातो. मोजमापच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, हा इशारा अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. आपण मात्र त्या इशाऱ्याचेही एक्सेल शीट केले असते.

यावर म्हणतील, पूर्वी तरी काय होते? घोकंपट्टी आणि दरवर्षी फिरून येणारे प्रश्न. हे खरे आहे. आपण काय शिकवतो आणि का, हे शिक्षकाला लिहायला लावणे ही या पद्धतीची भली बाजू आहे, आणि ती टिकायला हवी. तक्रार हेतूबद्दल नाही, पुराव्याबद्दल आहे. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात व्यापारी शेतकऱ्याकडून फॉर्म भरून घेत नाही. कांडी मोडून आतला रंग बघतो. कंपन्याही तेच करतात. कॅम्पसला आल्या की बहुधा स्वतःची कोडिंग टेस्ट घेतात; तुमच्या वर्गाचे अटेनमेंट किती, असे विचारून कोणी नोकरी देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : साठ-सत्तरांच्या वर्गात एकेकाला कोण तपासणार? हिशेबच करू. साठ जणांना प्रत्येकी दहा मिनिटे म्हणजे दहा तास. त्या दहा मिनिटांत विद्यार्थ्याने स्वतःच्याच प्रोजेक्टमध्ये, समोर बसून, सांगितलेला एक छोटा बदल करून दाखवावा. 2,880 चौकोन भरून त्यांच्या फायली लावण्यापेक्षा हे स्वस्तच पडेल. 2022च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर दुसरा इलाज नाही. अहवाल यंत्र लिहिते, कोड यंत्र लिहिते आणि सीओसुद्धा यंत्राकडून सुबक लिहून मिळतात. बदल का केला आणि तो कुठे मोडेल, हे मात्र विद्यार्थ्यालाच सांगावे लागते.

म्हणून मानांकनाच्या तपासणीला येणाऱ्या समितीने फायलींच्या कपाटाकडे पाठ फिरवावी, हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून दहा जण निवडावेत आणि त्यांना प्रयोगशाळेत बसवावे. पातळी 3 खरी असेल तर कोणी घाबरण्याचे कारण नाही. आणि या सूचनेवर पहिला प्रश्न 'याचे मॅपिंग कोणत्या पीओशी करायचे?' असा आला, तर शिकवण्याची खरी गरज कोणाला आहे, हे मोजण्यासाठी वेगळी समिती नेमावी लागणार नाही.