एक पायली, एक निळवं

जळकोटला आत्याकडे गेलो, तर तिचा नातू ओसरीवर पालथा पडून घोकत होता : चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. कॉम्प्युटरचा पेपर होता. "पाठ झालंय काका, पर कळंना."

समोर कोनाड्यात आत्याची पितळी पायली होती. ती बघून आजोबांनी पाठ करून घेतलेलं कोष्टक आठवलं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मापं गावागणिक थोडीफार बदलायची, पण दुपटीची चाल तीच. निळवं एक धरलं तर पायली बरोब्बर चौसष्ट!

कॉम्प्युटर एवढंच करतो. प्रत्येक माप फार तर एकदाच घ्यायचं; भरलं तर १, रिकामं तर ०. इंग्रजी कॅपिटल ए-चा आस्की क्रमांक ६५, म्हणजे एक पायली, एक निळवं, मधली पाच मापं पालथी : १०००००१. सात बिटांचं आस्की आमच्या सात मापांत मावलं की!

"आन् शीग?" आत्यानं विचारलं. शिगेशिवाय माप म्हणजे तिच्या मते निव्वळ लबाडी. मी म्हटलं, चिपमध्ये व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तरी ती भरलेलंच धरते. "म्हंजी आमची शीग फुकटच!" तिनं पायली जवारीत खुपसली आणि पहिलं माप सुपात ओतत 'एक'ऐवजी म्हणाली, "लाभ."

"आजी, कॉम्प्युटर शून्यापासनं मोजतो."

"मोजू दे. त्याच्या घरात जवारी न्हाई."

मग पोराला गावाचं नाव मापायची हौस आली. युनिकोडमध्ये ळ-चा क्रमांक २३५५. सोळा पायल्यांचा मण धरून हिशेब केला : दोन मण, चार पायल्या, एक अधोली, एक शेर, एक कोळवं, एक निळवं. नुसता एक ळ! इंग्रजांचा ए बघा, पायली-निळव्यात आटोपला.

आत्यानं कणगीकडे बघितलं. "यंदा एवढी न्हाई बाबा. ल किती?"

ल-चा क्रमांक २३५४. बाकी सगळं तेच, फक्त शेवटचं निळवं पालथं.

"म्हंजी निळवंभर जवारी सांडली, की आपलं जलकोट?"

"हो."

ती उठली आणि सुपाखाली सांडलेले चार दाणे वेचायला लागली.